गजर झाला, पण उठलं कोण?

लोणारच्या सहलीची आमची गाडी धामणगाव बढेहून पहाटे ५ वाजता निघाली आणि सहावीतला एक गडी घरीच राहिला. "सर, गजर वाजलाच नाही!" आई म्हणते, वाजला होता, यानंच बंद केला. दोघंही खरंच बोलत होते! गाढ झोपेतून उठवलं, की मेंदू काही मिनिटं गुंगीतच असतो. हात गजर बंद करतो, पण पुष्कळदा ते आठवत नाही.

अशा झोपाळूंसाठी मोबाइलवर खास ॲप्स आहेत. दक्षिण कोरियात तयार झालेलं 'अलार्मी' पाहा. मोरीतल्या नळाचा फोटो आधीच काढून ठेवायचा. सकाळी तिथं जाऊन पुन्हा तोच फोटो काढल्याशिवाय गजर थांबत नाही! नळापाशी पोचलाच आहात, तर तोंडावर पाणी मारा. फोटो नको? मग गणितं सोडवा. (आमच्या वर्गातले काही जण नळच निवडतील!)

पण ॲप झोप देत नाही बरं का! ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. पहाटे ४ ला उठायचं, तर रात्री ७ लाच निजायला हवं. आमचा गडी ११ पर्यंत मोबाइलवर खेळत होता.

घरात मोबाइल एकच, तोही बाबांचा? मग गजराचं साधं घड्याळ स्टीलच्या ताटात ठेवा, अंथरुणापासून चांगलं लांब. काय खणखणतं म्हणता!