आर५० की झेडव्ही-ई१०? आंबोलीच्या पावसासाठी कॅमेरा निवडताना

(हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे निसटतात, दुकानात उभं राहून भाग पुन्हा ऐकणंही जमत नाही. म्हणून सगळं इथे लिहून ठेवलंय.)

००:०० प्रश्न

आज एकच प्रश्न घेऊया. तो आलाय थेट आंबोलीहून. आपला हा श्रोता घरचा होमस्टे सांभाळतो आणि पावसाळ्यात पाहुण्यांना रात्री बेडूक, साप दाखवायला घेऊन फिरतो. आजवर फोनवरच फोटो काढले. आता हंगामाच्या कमाईतून पैसे बाजूला काढलेत आणि दोन नावांवर गाडी अडलीय: कॅनन आर५० आणि सोनी झेडव्ही-ई१०. मेसेजच्या शेवटी एकच ओळ, "दादा, ह्यातलो खयचो घेव?"

हंगामाची कमाई म्हणजे चार महिने भिजून मिळवलेले पैसे. निवड फसली तर पुढचा पाऊस येईपर्यंत हात बांधलेले. म्हणून उत्तर आधी देतो आणि मग कारणं. त्याच्या कामासाठी मी आर५० म्हणेन, पण एका अटीवर. ती अट फ्लॅशची आहे, पुढे येतेच. आणि ज्यांचं मुख्य काम बोलून व्हिडिओ बनवायचं आहे, त्यांनी झेडव्ही-ई१० घ्यावा.

आजचं सूत्र एवढंच: दोन बॉडींची तुलना करू नका, दोन भरलेल्या पिशव्यांची करा. बॉडी, लेन्स, फ्लॅश, डबा, सगळं धरून.

०१:५० फोन असताना कॅमेरा कशाला?

रास्त प्रश्न आहे. कावळेसादचं धुकं, घाटातला धबधबा, पाहुण्यांचे ग्रुप फोटो, यासाठी आजचा फोन पुरतो. फोन अडतो तो रात्री, छोट्या जिवासमोर. फोनच्या मॅक्रो मोडला बेडकाच्या तीन-चार सेंटिमीटर जवळ जावं लागतं. तेवढ्यात तो उडी मारतो, आणि तुम्ही त्याच्या मागे मागे. शिवाय फोनचा दिवा म्हणजे टॉर्च. फ्लॅशसारखा क्षणात चमकून तो हालचाल गोठवत नाही.

म्हणजे कॅमेऱ्याकडून आपल्याला मुख्यतः दोन गोष्टी हव्यात: लांबून मोठं चित्र आणि खरा फ्लॅश. हे डोक्यात ठेवूनच पुढचे आकडे वाचा.

०२:४५ कागदावर दोघे

झेडव्ही-ई१० आला २०२१ मध्ये, आर५० आला २०२३ मध्ये. दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी, दोन्ही २४.२ मेगापिक्सेल. सोनीचा सेन्सर केसभर मोठा आहे, पण फोटोत तो फरक शोधत बसू नका. बॅटरी आणि कार्डासकट वजन आर५० चं ३७५ ग्रॅम, झेडव्ही-ई१० चं ३४३ ग्रॅम. म्हणजे फरक ३२ ग्रॅमचा, खिशातल्या चार नाण्यांइतका. बॅटऱ्याही जवळपास सारख्याच: १,०४० आणि १,०२० एमएएच. दोन्हीकडे जास्तीची एक बॅटरी लागतेच.

दोघांच्याही बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, ते लेन्समध्ये असतं. आणि आंबोलीवाल्यांनी अधोरेखित करावी अशी गोष्ट: दोघांपैकी एकालाही पावसापासून सीलिंग नाही. दुकानात कुणी "थोडं पाणी चालतं" म्हणालं तर मान डोलवा आणि विसरून जा.

आता खरे फरक.

व्ह्यूफाइंडर: आर५० ला आहे, झेडव्ही-ई१० ला नाही. पावसात स्क्रीनवर थेंब पडतात. टच चालू असेल तर थेंबही बोटासारखे वागतात आणि फोकस भलतीकडे जातो. (टच बंद करून ठेवा, कॅमेरा कुठलाही असो.) रात्री डोक्यावरच्या टॉर्चचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं. अशा वेळी डोळा लावून बघता येणं मोठी सोय आहे. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हातही कमी हलतो.

ऑटोफोकस: आर५० ची यंत्रणा नवी आहे, ती पक्षीही ओळखते. झेडव्ही-ई१० प्राण्यांचे डोळे ओळखतो, पण फक्त फोटोत, व्हिडिओत नाही. पक्षी हे त्याचं बलस्थान नव्हे. सकाळी पाहुण्यांना धनेश दाखवायचा असेल तर फरक जाणवेल. बेडकासाठी मात्र दोघांच्याही मेनूत काही नाही. तिथे एकच फोकस पॉइंट निवडायचा आणि तो बेडकाच्या डोळ्यावर ठेवायचा.

व्हिडिओ: आर५० फोर-केमध्ये ३० फ्रेमपर्यंत सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो. झेडव्ही-ई१० ला ३० फ्रेमला साधारण १.२३ पट क्रॉप बसतो, २५ फ्रेमला मात्र पूर्ण रुंदी मिळते. दुसऱ्या बाजूला सोनीला हेडफोनची जागा आहे, अंगच्या माइकला लावायचं केसाळ वारारोधक बॉक्समध्येच येतं. आर५० ला माइक लावता येतो, पण हेडफोन नाही. आंबोलीच्या वाऱ्यात आवाज कसा येतोय हे ऐकता येणं व्हिडिओवाल्याला फार कामाचं.

लेन्स: सोनीचं ई-माउंट २०१० पासून आहे, त्यामुळे जुनी लेन्स, दुसऱ्या कंपन्यांची लेन्स भरपूर. कॅननने आपलं आरएफ माउंट सिग्मा, टॅमरॉन यांच्या एपीएस-सी लेन्ससाठी २०२४ मध्ये खुलं केलं. निवड वाढतेय, पण अजून सोनीइतकी नाही.

०६:१० रात्रीची पिशवी

आता मुद्द्याची गोष्ट. खरी मॅक्रो लेन्स महाग असते. सुरुवातीला एक स्वस्त आणि उत्तम वाट आहे: ५५-२१० मिलिमीटरची झूम लेन्स आणि तिच्या तोंडावर क्लोज-अप काच. रेनॉक्सच्या दोन काचा प्रसिद्ध आहेत, डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५०. पहिलीची ताकद ४.८ डायॉप्टर, दुसरीची ८.

हिशोब सोपा आहे. १,००० ला डायॉप्टरने भागा, म्हणजे लेन्स अनंतावर असताना विषयापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. २५० ला ते १२५ मिलिमीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. १५० ला सुमारे २०८ मिलिमीटर, म्हणजे वीतभर. बेडकासाठी १५० घ्या. वीतभर अंतरावरून तो बिचकत नाही.

या काचेची क्लिप ५२ ते ६७ मिलिमीटरच्या लेन्सवर बसते. कॅननच्या ५५-२१० चं तोंड ५५ मिलिमीटरचं, थेट बसते. सोनीच्या ५५-२१० चं तोंड ४९ चं, तिथे ४९-५२ ची एक रिंग लागते. रिंग स्वस्त असते, पण घाट उतरून सावंतवाडीला गेल्यावर आठवण्यापेक्षा आधीच मागवा.

आता फ्लॅशची अट. आर५० च्या डोक्यावरच्या शूमध्ये जुन्या पद्धतीचे संपर्कबिंदू नाहीत, नव्या पद्धतीचेच आहेत. मित्राकडचा जुना कॅनन फ्लॅश किंवा बाजारातला साधा फ्लॅश त्यावर चालणार नाही. जुन्या कॅनन फ्लॅशसाठी एडी-ई१ नावाचा ॲडॅप्टर लागतो. सोनीकडे ही अडचण नाही. गोडॉक्सच्या टीटी३५०एससारखा छोटा फ्लॅश थेट बसतो. पण झेडव्ही-ई१० ला स्वतःचा फ्लॅश नाही, आर५० ला आहे.

मग आर५० चा अंगचा फ्लॅश पुरेल का? करून बघू गणित. त्याचा गाइड नंबर ६ आहे. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. लेन्सची लांबी धरून फ्लॅश ते बेडूक अंतर समजा ४० सेंटिमीटर. ६ भागिले ०.४ म्हणजे एफ/१५, तेही आयएसओ १०० वर. पुढे पांढरा डिफ्युझर लावला आणि दोन स्टॉप प्रकाश गेला तर एफ/७.५ उरतं. आयएसओ ४०० केलं की पुन्हा एफ/१५. बेडकाला एफ/११ पुरतं. म्हणजे सुरुवातीला वेगळा फ्लॅश नसला तरी भागतं! फक्त डिफ्युझर लेन्सच्या टोकापर्यंत पुढे यायला हवा, नाहीतर लेन्सचीच सावली बेडकावर पडते. पॅकिंगचा पांढरा फोम आणि रबरबँड यात काम होतं.

म्हणून अट अशी: आर५० घेत असाल तर पहिला पाऊस अंगच्या फ्लॅशवर काढा. पुढे फ्लॅश घेताना नव्या शूसाठी बनवलेलाच घ्या, किंवा ॲडॅप्टरचे पैसे धरून चाला.

आणि कुणी झेडव्ही-ई१० चा मार्क टू सुचवला तर एक लक्षात ठेवा. तो २०२४ चा, व्हिडिओला जास्त चांगला, पण त्यातून मेकॅनिकल शटर काढून टाकलंय. फ्लॅशवर काम करणाऱ्याला ते जड जातं.

१०:२० पाऊस आणि बुरशी

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर, वर्षाचा पाऊस ७,००० मिलिमीटरच्या घरात. इथे कॅमेऱ्याचा पहिला शत्रू थेंब, दुसरा बुरशी. दुसरा जास्त वाईट, कारण तो घरात बसून काम करतो. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काच कायमची खराब होऊ शकते.

उपाय महाग नाही. रबर असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठी भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नको. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ आणि धूळ आत जाते. चामड्याची बॅगही पावसाळ्यात नको, ती ओल धरून ठेवते.

बाहेर पडताना जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्ससाठी भोक, हूडभोवती रबरबँड. कावळेसादला छत्रीच्या भरवशावर राहू नका. तिथे वारा दरीतून वर येतो आणि पाणी उलटं उडवतो, त्यामुळे लेन्स खालूनही भिजते. फोटो काढेपर्यंत काच जमिनीकडे, टोपण लावलेलं. पुसायला एक ओला झालेला मायक्रोफायबर पुरत नाही, दोन-तीन सुके तुकडे ठेवा. बॉडी पुसायला घरचा पंचा चालतो, काचेला नाही.

आणि एसी गाडीतून उतरल्यावर लगेच बॅग उघडू नका. थंड काचेवर दमट हवा बसते आणि सगळं धुरकट होतं. बंद बॅगेत अर्धा तास जाऊ द्या.

१२:४० ज्यांचे फोटो काढायचे, त्यांचं काय?

हा भाग मी कॅमेऱ्याच्या तुलनेतच धरतो. आंबोली टोड नावाचा छोटा भेक, ज्याची शास्त्रीय नोंद २००९ मध्ये झाली, तो अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावर साचलेल्या डबक्यांत त्याची वीण होते. फोटोसाठी गुडघे टेकलेत तेच डबकं त्याचं बाळंतघर असू शकतं. म्हणून पाऊल टाकण्याआधी टॉर्च खाली मारा, मग समोर.

बेडूक उचलून "चांगल्या" पानावर ठेवायचा नाही. उडणाऱ्या मलबारी बेडकाचं फेसाचं घरटं हलवायचं नाही. एका जिवावर मोजून चार-पाच फ्लॅश, मग पुढे. चापडा दिसला तर क्लोज-अप काच काढून टाका. २१० मिलिमीटरची लेन्स आहे, दोन पावलं मागे राहूनच फोटो घ्या. पाहुणा "अजून जवळून" म्हणाला तर नाही म्हणा. तुमची पुढच्या वर्षीची कमाई त्याच सापावर आणि त्याच बेडकावर आहे.

हिरण्यकेशीच्या कुंडातही हेच. तिथल्या पाण्यातून २०२० मध्ये एका नव्या माशाची नोंद झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात उतरायची गरज नाही. काठावरून पोलरायझर फिल्टर फिरवला की पाण्यावरची चकाकी कमी होते आणि तळ दिसतो. कॅननच्या १८-४५ किट लेन्सला ४९ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, सोनीच्या १६-५० ला ४०.५ चा. हाच फिल्टर ओल्या पानांवरची चमकही काढतो.

१४:३० खरेदीचा क्रम

तर आंबोलीच्या मित्रा, तुझी यादी: आर५०, ५५-२१० सह येणारा दोन लेन्सचा संच मिळाला तर तोच. मग डीसीआर-१५०, डबा आणि सिलिका जेल, दुसरी बॅटरी. पोलरायझर नंतर, फ्लॅश पुढच्या हंगामात. हे सगळं बजेटमध्ये बसत नसेल तर वापरलेली बॉडी बघ, पण लेन्स आणि डबा कापू नकोस. वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून काचेत बुरशीचे धागे आहेत का बघ. कोकणातली असेल तर दोनदा बघ.

बेळगाव किंवा कोल्हापूरला जाशील तेव्हा स्वतःचं कार्ड घेऊन जा. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन्ही कॅमेऱ्यांनी तोच फोटो काढ आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघ. हातात घेतल्यावर सोनीच आवडला, तर तो घे. तेव्हा रिंग आणि छोटा फ्लॅश मात्र पहिल्याच दिवशी यादीत धर. बिल जीएसटीचं आणि वॉरंटी कार्ड भारतातलं, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आणि मंडळी, तुमच्याही गावच्या पावसात, धुळीत, खाऱ्या वाऱ्यात कॅमेरा कसा टिकवता ते व्हॉइस नोट करून पाठवा. मालवणच्या किनाऱ्यावरच्यांनी तर नक्की पाठवा, मिठाच्या वाऱ्यावर एक आख्खा भाग करायचा आहे. भेटू पुढच्या आठवड्यात!