जार फाईल ठेवली म्हणजे पॅकेज होत नाही

एक्लिप्सचे एखादे प्लगइन डेबियनच्या अथवा फेडोराच्या भांडारात सापडले नाही, की आमच्या व्यवसायातील भल्याभल्यांच्या तोंडून एकच उद्गार बाहेर पडतो: ‘त्यात एवढे काय आहे? जार फाईल उचलायची, नेमलेल्या डिरेक्टरीत ठेवायची, झाले पॅकेज!’ नवशिक्याने असे म्हटले असते तर हसून सोडून देता आले असते. परंतु ज्यांनी आपली उमेदीची वर्षे जावा लिहिण्यात घालविली असे गृहस्थही हेच म्हणतात, आणि वर पॅकेज बांधणाऱ्या स्वयंसेवकांच्या कथित आळसावर शेरे मारतात, तेव्हा या समजुतीची एकदा रुजवात घालणे अगत्याचे ठरते.

समजुतीत सत्यांश मुळीच नाही असे नाही. २००४ साली एक्लिप्सच्या ३.० या आवृत्तीने ओएसजीआय ही व्यवस्था स्वीकारली, आणि आज प्लगइन म्हणजे बहुधा एक जार व तिच्यातील मॅनिफेस्ट, म्हणजे स्वतःचे नाव, आवृत्ती आणि आपल्याला कोणकोण लागतात त्यांची यादी सांगणारा दाखला, असे त्याचे स्वरूप आहे. ‘ड्रॉपइन्स’ नावाच्या डिरेक्टरीत अशी जार टाकली, आणि तिला लागणारे सारे हजर असले, तर ती बहुधा चालू लागते. स्वतःच्या यंत्रापुरती ही तजवीज पुरेशी आहे. परंतु लिनक्स-वितरण एखादी वस्तू आपल्या भांडारात दाखल करून घेते तेव्हा ती चालते एवढ्यावर त्याची खातरजमा होत नाही. ही वस्तू मूळ सोर्सपासून आमच्या यंत्रांवर पुन्हा बांधता येते, तिला लागणारे सर्व काही याच भांडारात आहे, आणि उद्या तिच्यात दोष निघाला तर तो आम्ही स्वतः दुरुस्त करू शकतो, अशी तिहेरी जबाबदारी ते आपल्या अंगावर घेत असते.

यातील पहिल्या कलमाशीच बहुतेक प्लगइने अडतात. फेडोराचा शिरस्ता असा की मूळ लेखकाने सोर्ससोबत धाडलेल्या तयार जार बांधणीच्या आरंभीच काढून टाकाव्यात आणि त्यांच्या जागी वितरणाच्या स्वतःच्या जार जोडाव्यात. डेबियनच्या धोरणात तर मुख्य विभागातील पॅकेज बांधताना जाळ्याशी संपर्क साधण्याचीच मनाई लिहिलेली आहे. आता एक्लिप्सची प्लगइने ज्या टायको या साधनाने बांधली जातात त्याची वहिवाट नेमकी उलट: बांधणी सुरू झाली की जे जे लागेल ते ते जाळ्यावरील भांडारांतून ओढून आणायचे. तेव्हा पॅकेज बांधणाऱ्याला प्रथम त्या प्रत्येक अवलंबित घटकाचे स्वतंत्र पॅकेज करावे लागते, त्या घटकाला आणखी कोणाची गरज असली तर त्याचेही. आणि एका छोट्याशा प्लगइनासाठी हाती घेतलेले काम हां हां म्हणता डझनावारी पॅकेजांपर्यंत पोहोचते.

त्यातून आवृत्त्यांचा कलह निराळाच. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी शेजारीशेजारी नांदू शकतात, ही ओएसजीआयची मोठी सोय. तर एका लायब्ररीची शक्य तो एकच आवृत्ती ठेवायची हा वितरणाचा बाणा. एखाद्या प्लगइनाचा मॅनिफेस्ट म्हणतो, ‘मला ५च्या आतलीच आवृत्ती पाहिजे’, आणि भांडारात तर ५ येऊन बसलेली. अशा वेळी एक तर प्लगइनाच्या सोर्समध्ये फेरफार करावा लागतो, नाही तर जुनी आवृत्ती वेगळ्या नावाने पोसावी लागते. शिवाय कित्येक सामान्य जावा लायब्रऱ्यांना ओएसजीआयचा मॅनिफेस्ट मुळी नसतोच. एक्लिप्सवाल्यांनी स्वतःपुरती ही उणीव ‘ऑर्बिट’ नावाच्या प्रकल्पात तशा जार तयार करून भागविली. वितरणातील लायब्ररीला मात्र तो दाखला पॅकेज बांधणाऱ्याला स्वतः जोडावा लागतो.

हे सारे न झेपल्यास काय होते याचा पुरावा डेबियनच्या दफ्तरातच आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेचमध्ये एक्लिप्सची ३.८.१ ही २०१२ सालच्या पिढीतील आवृत्ती होती, आणि २०१९ सालच्या बस्टरमधून एक्लिप्स हे संपादन-साधन नाहीसेच झाले. इक्विनॉक्ससारखे त्याचे काही अवयव तेवढे इतर सॉफ्टवेअरला लागतात म्हणून लायब्रऱ्यांच्या रूपाने उरले. यात आळस कोठे दिसतो, हे मला तरी कोणी दाखवून द्यावे.

‘मग सगळ्या जार प्लगइनातच कोंबा, कशाला हा सोवळेपणा?’ असा प्रतिप्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर डिसेंबर २०२१ने देऊन ठेवले आहे. लॉगफोरजे या लायब्ररीत तेव्हा दूरस्थ हल्लेखोराला वाटेल ती आज्ञा चालविता येईल असा दोष उघड झाला, आणि त्या एकाच महिन्यात २.१५.०, २.१६.० व २.१७.० अशा दुरुस्त आवृत्त्या एकामागून एक काढाव्या लागल्या. डेबियनमधील जी पॅकेजे सामाईक लायब्ररी वापरत होती त्यांच्यासाठी ते एक पॅकेज बदलणे पुरे झाले. परंतु ज्यांनी जारच्या पोटात जार दडविल्या होत्या त्यांच्याकडे, आपल्या यंत्रांवर हा दोष मुळात कोठेकोठे आहे, हे शोधण्यापासूनच कामाला प्रारंभ झाला.

उरलेल्या समजुतींचा समाचार थोडक्यात घेतो. जावा असल्यामुळे प्लगइन कोणत्याही प्रोसेसरवर चालते हे सर्वत्र खरे नाही. एक्लिप्सच्या खिडक्या रंगविणारी एसडब्ल्यूटी ही लायब्ररी जीटीकेशी बोलण्यासाठी यंत्रविशिष्ट कोड वापरते. एक्लिप्सची स्वतःची स्थापना-यंत्रणा असताना वितरणाची गरज नाही असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की सामान्य वापरकर्त्याला यूएसआर डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार नसल्यामुळे ती यंत्रणा प्लगइन त्याच्या घर-डिरेक्टरीत ठेवते, आणि त्याची नोंद वितरणाच्या पॅकेज-व्यवस्थेच्या खातेवहीत कोठेच होत नाही. स्थिर आवृत्तीतील जुना आकडा म्हणजे उघडे भगदाड नव्हे. सुरक्षेची दुरुस्ती बहुधा जुन्याच आवृत्तीत आणून बसविली जाते व केवळ आकड्याचे शेपूट बदलते. सोर्सपासून बांधले की सर्व धोके टळतात, हा आमच्या बाजूचा भाबडेपणा तितकाच खोटा: मार्च २०२४मध्ये उघडकीस आलेला एक्सझेड या संक्षेपण-साधनातील चोरदरवाजा सोर्सच्या प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातूनच आला होता, आणि त्या गठ्ठ्यातील घातकी बांधणी-लिपी प्रकल्पाच्या गिट भांडारात नव्हतीच.

फुकट मिळते म्हणून वाटता येते, हाही एक भ्रमच. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या अधिकृत बाजारातील विस्तार मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या उत्पादनांसोबतच वापरावेत असे त्या बाजाराच्या शर्तींत आहे. म्हणूनच मायक्रोसॉफ्टबाहेर बांधलेली व्हीएसकोडियमसारखी साधने एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स या स्वतंत्र भांडाराकडे वळतात.

आणि प्रत्येक संपादकाचे प्लगइन इतकेच छळते असेही कोणी समजू नये. ईमॅक्सचे विस्तार बहुतांशी साधा लिस्प मजकूर असतात, डेबियनमध्ये ‘डीएच-एल्पा’ हे साधन त्यांची बांधणी जवळजवळ आपोआप करते, आणि बाइट-कोड यंत्रावर असलेल्या ईमॅक्सला अनुसरून स्थापनेच्या वेळीच तयार होतो. गिटसाठीचे सुप्रसिद्ध मॅगिट तेथे ‘एल्पा-मॅगिट’ या नावाने कोणालाही एका आज्ञेत मिळते.