टॉवेलाखाली

पहाटे पाच. नारिवलीतून निघालो तेव्हा सिद्धगड म्हणजे नुसता काळा ढीग. सूर्य त्याच्या पाठीमागून येतो, आमच्याकडे उजाडतं उशिरा. पौष पौर्णिमेपासून म्हशाची जत्रा भरलीय. मामा बैलांचा दलाल, मी पिशवी धरणारा.

सात. खांबलिंगेश्वराला हात जोडून मामा दावणीवरून फेरी मारतो. बैलाकडे बघतो न बघितल्यासारखा. "आधी विचारलंस की त्याला कळलं तुला काय पायजे."

साडेआठ. मुरबाडकडच्या गिऱ्हाइकाला चारदाती जोडी हवी. मामा जबडा उघडून दात मोजतो. दात खोटं बोलत नाहीत. शिंगं बोलतात, ती तासून तेल चोपडलेली. पण नांगराला जुंपल्यावर हा तासात बसतो का, ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक. म्हणून घेणारा प्रत्येक बैल बसका धरूनच भाव करतो. त्या भावात गुणी बैल कोण देईल? तो गावातच, शेजाऱ्याच्या गोठ्यात जातो. अमेरिकेच्या जॉर्ज अ‍ॅकरलॉफनं 1970 साली जुन्या मोटारींबद्दल हेच मांडलं, 2001 साली नोबेल मिळवलं. भारतातल्या बायका बाजारच्या तांदळातले मुद्दाम घातलेले खडे निवडतात, तेही त्याच लेखात आहे. मामाला सांगितलं. "मोटारीला कागद तरी असतात," म्हणाला.

दहा. हेडीच्या, म्हणजे बैल विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातावर टॉवेल पडला. आत मामाची बोटं. एक बोट, चार बोटं, पूर्ण पंजा. हजार की दहा हजार, ते दोघांना न बोलता कळतं. हेडी तोंडानं ओरडतोय, "मेलो की वो, चाऱ्याचंबी निघंना!" आणि टॉवेल मात्र शांतपणे हलतोय, थांबतोय, परत हलतोय. ओरडणं आमच्यासाठी नाहीच. मागं त्याच्या आणखी तीन जोड्या बांधल्यात, त्यांची गिऱ्हाइकं कान देऊन उभी. हा आकडा फुटला तर तीनही जोड्या त्याच्याच खाली जाणार.

बारा. चाकं बांधून गाडी ओढायला लावली. ओढली. इसार दिला.

दोन. एक म्हातारा बैल, गिऱ्हाईक नाही. 2015 साली राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. पूर्वी थकल्या बैलालाही तळाचा एक भाव असायचा. आता त्याची किंमत काय, हे मालकालाही सांगता येत नाही. मामानं टॉवेल खांद्यावरून काढलाच नाही.

सहा. घोंगड्यांच्या दुकानांपासून एसटीपर्यंत तिघांनी विचारलं, "जोडी कितीला गेली?" मामानं तिघांना तीन आकडे सांगितले. दिवसभर शेजारी उभा होतो, पण त्यातला खरा कुठला, मला माहीत नाही.