तलवार, कुऱ्हाड आणि गदा

खेळणाऱ्याने एखादी भूमिका घ्यायची आणि ती घडवत न्यायची, अशा व्हिडिओ गेमना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती मारामारी वाटते. माझंही तेच मत होतं. भाच्याशेजारी बसून ‘स्कायरिम’ पाहिला आणि मत बदललं.

‘बेथेस्डा’ या अमेरिकन कंपनीचा हा खेळ २०११ साली आला. त्यात लोखंडी तलवारीचा घाव ७ अंकांचा, कुऱ्हाडीचा ८, गदेचा ९. मग सगळे गदाच का घेत नाहीत? कारण ती जड. गदा चार वेळा चालते, तेवढ्यात तलवार साधारण पाच वेळा चालते. हिशेब जवळपास सारखाच!

खरा फरक पुढे आहे. एक पायरी चढलं की एक गुण मिळतो. तो तलवारीवर खर्च केला, तर जिव्हारी घाव बसण्याची शक्यता १० टक्के होते. कुऱ्हाडीवर केला, तर घावानंतरही जखम वाहत राहते. गदेवर केला, तर शत्रूच्या चिलखताचा २५ टक्के जोर निकामी होतो. मात्र चिलखत नसलेल्या लांडग्यापुढे हा गुण वायाच. साधा लोखंडी खंजीर अवघ्या ४ अंकांचा. पण चोरपावलांची विद्या पुरती शिकलेल्याने लपून मारला, तर तोच १५ पट लागतो.

इथे विद्या सरावाने वाढते, आणि ज्याचा सराव त्याचीच. तलवार कितीही चालवा, धनुष्याचा नेम सुधारत नाही. याच मालिकेतल्या २००२ सालच्या ‘मॉरोविंड’मध्ये तर लांब पातं, आखूड पातं, कुऱ्हाड, भाला या साऱ्या वेगळ्या विद्या होत्या. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने कुऱ्हाडीला चक्क बोथट शस्त्रांत बसवलं!

भाच्याने आपले गुण सगळ्या शस्त्रांत थोडे थोडे वाटले होते. लुटारूंचा चिलखतधारी सरदार समोर आला आणि याचं एकही शस्त्र पुरं पडेना. त्याची यंदा बारावी. “थोडं थोडं सगळंच करून बघतो,” असं तो घरातही म्हणत असे. त्या दिवशी गप्प बसला, मग म्हणाला, “मामू, आधी कळणार कसं, कोणतं शस्त्र घ्यायचं ते?”

मी म्हटलं, “बाळा, शस्त्राकडे नंतर बघ. आधी समोर काय उभं आहे ते नीट बघ.”