थव्यातील कलह : झेब्रा माशाचे उदाहरण

घरगुती मत्स्यपेटीतील लहान माशांविषयी एक समज दृढ आहे. थव्याने राहणारा मासा स्वभावतः शांत असतो. त्यांतील एखादा इतरांच्या अंगावर धावू लागला, तर दोष त्या माशाचा, आणि त्याला पेटीतून काढून टाकणे हा उपाय. हा समज कितपत खरा आहे, हे झेब्रा माशाच्या (डॅनिओ रेरिओ) उदाहरणावरून चांगले कळते. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात या माशाचे प्रथम वर्णन केले. अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे निळे पट्टे असलेला हा जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा मासा घरांतील पेट्यांप्रमाणेच आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांतही विपुल आढळतो.

थवा करणे आणि भांडणे या परस्परविरोधी वृत्ती नव्हेत. थव्यामुळे शत्रूपासून संरक्षण मिळते. परंतु अन्न आणि जोडीदार यांसाठी थव्यातील प्रत्येक मासा दुसऱ्याचा प्रतिस्पर्धीच असतो. ओढ्यात हरलेला मासा दूर निघून जातो व तंटा तेथेच मिटतो. पेटीत मात्र पळणाऱ्याची वाट काचेपाशी संपते. तो पुन्हा पुन्हा विजेत्याच्या दृष्टीस पडतो, आणि पाठलाग संपतच नाही.

प्रथम पाठलाग कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखले पाहिजे. झेब्रा मासे पहाटे, प्रकाश पडताच अंडी घालतात. त्या वेळी नर मादीच्या मागे धावतो, तिच्याभोवती फिरतो व तिच्या पोटाला मुख लावतो. हे प्रणयाराधन आहे. यास भांडण समजून नर वेगळे काढणारे अनेक आहेत. खऱ्या भांडणात दोन मासे पर ताठ करून एकमेकांच्या बाजूला उभे राहतात, गोल फिरतात, चावा घेतात. निकाल लागल्यावर पराभूत मासा पर मिटून तळाशी किंवा कोपऱ्यात दबून राहतो. माद्याही अशा भांडू शकतात.

दांडगा मासा काढून टाकल्याने फारसे का साधत नाही? आयव्हन चेस व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला, सिक्लिड कुळातील माशांवरचा प्रयोग येथे उद्बोधक आहे. चार-चार माशांच्या गटांत श्रेणी ठरू दिली, मग मासे काही काळ एकमेकांपासून दूर ठेवले व तेच गट पुन्हा एकत्र आणले. बहुतेक गटांत वरपासून खालपर्यंत सरळ क्रम पुन्हा लागला. परंतु बहुसंख्य गटांत तो पूर्वीचा क्रम नव्हता. वरचे स्थान हा माशाचा केवळ अंगभूत गुण नसून, तो बव्हंशी परस्परसंबंधांतून निर्माण होतो. एक गेला की त्याची जागा दुसरा घेतो.

म्हणून मासा बदलण्याऐवजी पेटीतील परिस्थिती बदलणे अधिक फलदायी ठरते. दोन किंवा तीन मासे ठेवणे सर्वांत वाईट, कारण सर्व रोख एकावरच येतो. आठ-दहा असले म्हणजे तो विभागला जातो. अर्थात लहान पेटीत गर्दी करून पाणी दूषित करणे हा उपाय नव्हे. बॅस्क्विल व ग्रँट यांनी १९९८ मध्ये झेब्रा माशांवरच दाखविले की, वनस्पतींमुळे गुंतागुंतीच्या झालेल्या जागेत आक्रमकता व एकट्यानेच अन्न बळकावणे, दोन्ही कमी होतात. हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया दाट लावली की दृष्टीची सरळ रेषा तुटते. अन्न एकाच कोपऱ्यात टाकल्यास त्यावर एक मासा पहारा करू शकतो. सर्व पृष्ठभागावर विखुरल्यास तसे करणे परवडत नाही.

प्रयोगशाळेत या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास हानी अधिक सूक्ष्म असते. एकाच वयाच्या, एकाच पेटीतील माशांपैकी एक खुरटलेला दिसला, तर विद्यार्थी त्यास आनुवंशिक दोष समजण्याची शक्यता असते. वस्तुतः तो केवळ श्रेणीत तळाचा व अर्धपोटी असू शकेल. अशा माशाला वेगळे ठेवून पोटभर खाऊ घालावे व वाढ पुन्हा मोजावी. पर कुरतडलेला असल्यास काळजीचे कारण नाही. उबदार, स्वच्छ पाण्यात शेपटीचा पर साधारण दोन आठवड्यांत पुन्हा वाढतो. मासा परत सोडताना मात्र पेटीतील वनस्पती व दगड यांची मांडणी आधी बदलून घ्यावी, म्हणजे आतल्या कोणाचाही जुना कोपरा शिल्लक राहत नाही.