चाळिसावा उलटला, दुःख मात्र तसंच? समुपदेशन इथे कामाला येतं

घरात मय्यत झाली की आपल्याकडे माणसं धावून येतात. कफन-दफनची तयारी कुणी करतं, कब्रस्तानातली व्यवस्था कुणी पाहतं, शेजारच्या घरांतून जेवण येतं. तीन दिवस घर भरलेलं असतं. मग जियारत होते, काही घरांत चाळिसावा होतो आणि पाहुणे आपापल्या गावी परततात. खरा त्रास बऱ्याचदा इथून पुढे सुरू होतो. रात्री झोप लागत नाही. मर्हूमचा मोबाईल नंबर डिलीट करवत नाही. ईद आली की दस्तरखानावरची रिकामी जागा डोळ्यांत सलते. कुणाला सांगावं तर उत्तर ठरलेलं असतं, "सब्र करा, अल्लाह की मर्जी."

या उत्तरात चूक काही नाही. पण सब्र करायचा कसा, रोजचा दिवस ढकलायचा कसा, हे त्यातून कळत नाही. समुपदेशन म्हणजेच काउन्सेलिंग मदत करतं ते या 'कसा'च्या बाबतीत.

भूकंपाने आपल्या जिल्ह्याला काय दाखवलं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. अधिकृत आकड्यांनुसार सुमारे ८ हजार माणसं गेली. सगळ्या धर्मांची, सगळ्या जातींची. कित्येकांना आपल्या माणसाचं शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. पुढे पत्रे आले, धान्य आलं, नवी गावठाणं उभी राहिली. पण घर बांधून मिळालं म्हणून त्या घरातली माणसं परत येत नाहीत.

भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या गरजा काय आहेत, त्यांच्यापर्यंत सेवा कशी पोहोचवायची, यावर १९९४ पासून पुढे काही वर्षं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा प्रकल्प चालला. त्याचे प्रमुख होते मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे. अभिनेते म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच. काम एवढी वर्षं चाललं, यातच एक गोष्ट आली. दुःख चाळीस दिवसांचा हिशेब पाळत नाही.

दीन रडायला मना करतो का?

अनेकांना वाटतं, समुपदेशकाकडे गेलो तर आपलं ईमान कमजोर ठरेल. असं अजिबात नाही. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहिम वारले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. सहाबांनी विचारलं तर त्यांनी त्या अश्रूंना रहमत म्हटलं. हजरत खदीजा (र.) आणि चाचा अबू तालिब यांचा इंतिकाल ज्या वर्षी झाला, ते वर्ष इतिहासात 'दुःखाचं वर्ष' म्हणूनच ओळखलं जातं. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले, हे सूरह यूसुफमध्ये आलं आहे. मनाई आहे ती छाती बडवण्याला, कपडे फाडण्याला, अल्लाहबद्दल तक्रारीचे शब्द काढण्याला. डोळ्यांतल्या पाण्याला मनाई नाही.

मनाच्या इलाजाचा विचारही आपल्याला परका नाही. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी एकाच ग्रंथात शरीराचं आणि मनाचं आरोग्य मांडलं. कारण माहीत असलेलं दुःख वेगळं आणि कारणाशिवाय येणारी उदासी वेगळी, हा फरक त्यांनी तेव्हाच सांगितला होता.

समुपदेशक नेमकं करतो काय?

तो गोळ्या लिहून देत नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. समुपदेशक आधी ऐकून घेतो. घरात जे बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं. "दवाखान्यात लवकर नेलं असतं तर", "शेवटच्या दिवशी मी त्यांच्यावर चिडलो होतो", "ते गेले आणि कर्ज माझ्यावर ठेवून गेले, मला त्यांचा राग येतो". असे विचार मनात ठेवून माणूस आतून कुढत राहतो. ते मोठ्याने बोलले गेले की त्यातलं खरं किती आणि स्वतःला दिलेली शिक्षा किती, हे वेगळं करता येतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम वर्डन यांनी शोकात माणसाला चार कामं करावी लागतात असं मांडलं. माणूस गेला हे मनाने मान्य करणं, त्याची वेदना सोसणं, त्याच्याशिवायच्या आयुष्याची घडी बसवणं आणि त्याच्याशी नातं वेगळ्या रूपात जपत पुढे जगणं. चौथं काम तर आपल्या घराघरात होतं. मगफिरतची दुआ, मर्हूमच्या नावाने सदका, बोअर किंवा पाणपोईसारखा सदका-ए-जारिया. पण अधली दोन कामं राहून जातात. समुपदेशक त्यांतच सोबत करतो. बँकेचं काम कोण करणार, शेत कोण पाहणार, रात्री घाबरल्यासारखं झालं तर काय करायचं, असे साधे प्रश्न एकेक करून सोडवले जातात.

कधी मदत घ्यावी?

पहिले काही आठवडे रडू येणं, भूक नसणं, लक्ष न लागणं हे साहजिक आहे. प्रत्येकाला समुपदेशन लागतंच असं नाही. पण सहा महिने उलटून गेले आणि तरीही ओढ, अपराधीपणा किंवा सुन्नपणा इतका की काम, नमाज, मुलं काहीच सुधरत नाही, तर मदत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत अशा लांबलेल्या शोकाची नोंद आहे. तो ठरवताना त्या माणसाच्या धर्म-संस्कृतीतली शोकाची रीत लक्षात घ्यावी, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे इद्दतमध्ये बसलेल्या बाईला कुणी आजारी ठरवत नाही.

आपणही मरून जावं असं वाटत असेल तर मात्र सहा महिने सोडा, एक दिवसही थांबू नये.

घरातल्या तिघांकडे लक्ष द्या

मुलं : "अब्बू सौदीला गेलेत" असं सांगू नका. मूल वाट पाहत राहतं आणि पुढे कुणावर विश्वास ठेवत नाही. इंतिकाल झाला, आता ते परत येणार नाहीत, तू एकटा नाहीस, हे सोप्या शब्दांत सांगा.

विधवा : चार महिने दहा दिवसांच्या इद्दतमध्ये ती एकटी पडू शकते. फोनवरून समुपदेशन घेता येतं. आजारपणासारख्या खऱ्या गरजेला बाहेर पडता येतं असं उलमा सांगतात. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा.

पुरुष : ते रडत नाहीत म्हणजे त्यांना दुःख नाही असं नसतं. ते चिडचिड, तंबाखू, दारू किंवा अबोल्यातून बाहेर येतं.

आपल्या जिल्ह्यात नापिकी आणि कर्जापायी काहींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. अशा घरी लोक ताजियतलाही दबकत जातात. मागे राहिलेल्यांचा यात काय गुन्हा? त्यांना तर जास्त आधार लागतो.

धाराशिवमध्ये कुठे विचारायचं?

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. २०१५ साली राज्य सरकारने १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला जिल्हा आहे. गावातल्या आशाताईंकडेही विचारता येईल. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास, मोफत चालतो आणि मराठीतून बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. त्यामुळे मोहल्ल्यात चर्चा होईल ही भीती बाळगू नका.

जमातही बरंच करू शकते. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी एकदा हा विषय घेतला तरी लोकांचा संकोच कमी होईल. आणि आपण प्रत्येकाने एवढं तरी करावं. मय्यतीच्या तिसऱ्या दिवशी जातो, तसं तिसऱ्या महिन्यातही त्या घरी जावं. मर्हूमचं नाव घेऊन विचारावं, "आता कसं चाललंय?" समोरचा बोलू लागला तर मधे नसीहत न करता ऐकून घ्यावं. आपल्याला पेलवणार नाही असं वाटलं, तर तिथेच बसून १४४१६ लावून द्यावा.