अडखळणारा आवाज

पोखर्णीच्या नृसिंहमंदिरातील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण संगणकावर ऐकत असता आवाज मध्येच तुटू लागला, म्हणजे आपण प्रथम स्पीकरला दोष देतो. तो बहुधा निर्दोष असतो. संगणक आवाजाचे सेकंदाला, समजा, 48,000 नमुने एका साठ्यात थोडेथोडे भरतो. मोट थांबून थांबून रिती होते, पण थारोळ्यामुळे पाट वाहता राहतो, तसेच हे. साठा 480 नमुन्यांचा असेल, तर तो सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. तेवढ्यात नवी भर पडली नाही, की आवाजात खंड पडलाच.

एका संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक चालविला, तर त्याला प्रोसेसरसाठी पाळीची वाट पाहावी लागते. म्हणून तेथे हे अधिक घडते. तेच ध्वनिमुद्रण बाहेरच्या संगणकावर लावून पाहावे. तेथे नीट वाजले, तर इतर कामे बंद करावीत, आणि तरीही खंड पडल्यास साठा वाढवावा. मोठ्या साठ्याने उशीर होतो; कीर्तनाला तो चालतो, संभाषणाला जाचतो. पण तुटका आवाज चालवून घेऊ नये, असे आम्हांस वाटते. एखादा ‘न’ गळाला, तर उपदेशाचा अर्थच उलटतो!